स्प्रिंग आधी, क्लिक नंतर: कॉइलओव्हर आणि डँपरची जुळवणी

प्रश्न असा आहे: पुढच्या चाकांना ५ किलो प्रति मिलिमीटरच्या स्प्रिंगा आणि २४ क्लिकचे (कडकपणा बदलणाऱ्या नॉबचे टप्पे) डँपर, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, असलेले कॉइलओव्हर (डँपरवरच स्प्रिंग चढवलेला, उंची बदलता येणारा संच) बसवले आणि गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली. आता उंचसखल रस्त्यावर गाडीचं नाक डुलत राहतं आणि खड्ड्यात जबर दणका बसतो. नॉब घट्ट केला तर दणका वाढतो, सैल केला तर डुलणं वाढतं. मग नेमकं किती क्लिकवर ठेवायचं?

क्लिकचा आकडा सांगून हे सुटणार नाही. दोन्ही तक्रारी एकाच वेळी येतात तेव्हा बहुतेक वेळा दोष नॉबमध्ये नसतो, स्प्रिंगच्या निवडीत किंवा उरलेल्या ट्रॅव्हलमध्ये, म्हणजे चाकाला वर-खाली हलायला उरलेल्या जागेत, असतो. गाडीचं वजन पेलणं आणि बॉडी किती झुकेल, किती दबेल हे ठरवणं स्प्रिंगचं काम. ती हालचाल किती वेगाने होईल आणि कधी शांत होईल हे डँपर ठरवतो. हालचाल थांबली की डँपरचं बलही संपतं. उरतो तो फक्त आतल्या गॅसच्या दाबाचा थोडा रेटा. म्हणून स्प्रिंगची चूक डँपरने झाकायला गेलात की एका रस्त्यावर फायदा आणि दुसऱ्यावर तोटा ठरलेला. आधी स्प्रिंग बघू.

कॉइल स्प्रिंगचा रेट म्हणजे ती १ मिलिमीटर दाबायला लागणारं बल. तो तीन मापांवर ठरतो: तारेची जाडी, कॉइलचा सरासरी व्यास आणि मोकळ्या, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या. जाडीचा चौथा घात, व्यासाचा उलटा तिसरा घात, वेटोळ्यांचं साधं उलट प्रमाण. १२ मिलिमीटर तार, १२० मिलिमीटर सरासरी व्यास आणि ६ मोकळी वेटोळी असलेल्या पोलादी स्प्रिंगचा रेट सुमारे २० न्यूटन प्रति मिलिमीटर येतो. तार फक्त १ मिलिमीटरने जाड केली की तो सुमारे २७ होतो. म्हणून स्प्रिंग नुसती बघून किंवा हाताने दाबून कडक आहे की मऊ, हे सांगता येत नाही. कॅलिपरने मोजावं लागतं.

याच गणितातून दोन गैरसमज दूर होतात. पहिला, जुनी स्प्रिंग ‘मऊ पडते’ हा. पोलादाची लवचीकता वापराने बदलत नाही, त्यामुळे गंजून तार बारीक झाली नसेल तर रेट तोच राहतो. स्प्रिंग बसते, म्हणजे तिची मोकळी उंची कमी होते, गाडी खाली येते आणि बंप स्टॉपर (डँपर पूर्ण दबण्याआधी अडवणारा रबरी ठोकळा) लवकर लागतो. दुसरा गैरसमज, स्प्रिंग कापली की गाडी फक्त खाली येते हा. ६ पैकी १ वेटोळं कापलं तर रेट २० टक्के वाढतो, शिवाय शेवटच्या वेटोळ्याची बैठक बिघडते आणि गाडी जॅकवर उचलताच स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. तापवून स्प्रिंग बसवणं तर त्याहून वाईट, कारण तारेची उष्णता-प्रक्रियाच निघून जाते. वेटोळ्यांमध्ये खुपसायचे रबरी बफर हाही असाच उपाय: ते एक-दोन वेटोळी निकामी करतात, रेट वाढवतात आणि डँपिंगमध्ये काडीचीही भर घालत नाहीत. गाडी थोडी उचललेली दिसते, पण उसळते जास्त.

आता एकके. १ किलो प्रति मिलिमीटर म्हणजे ९.८१ न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजेच ५६ पाउंड प्रति इंच. कॉइलओव्हरच्या स्प्रिंगवर बहुधा ६२-२००-०५ असं काही छापलेलं असतं: आतला व्यास ६२ मिलिमीटर, मोकळी लांबी २००, रेट ५ किलो. काही उत्पादक रेट न्यूटनमध्ये किंवा पाउंडमध्ये लिहितात, त्यामुळे आकडा वाचताना एकक नक्की करूनच पुढे जा.

स्प्रिंगचा रेट चाकाशी जसाच्या तसा पोचत नाही. चाक १ मिलिमीटर वर गेलं की स्प्रिंग किती दबते, ते प्रमाण म्हणजे मोशन रेशो, आणि चाकाचा रेट काढताना त्याचा वर्ग करून गुणायचा. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि डँपर एकाच उभ्या खांबात असतात) प्रमाण १ च्या जवळ, साधारण ०.९५ असतं. डबल विशबोनमध्ये (चाक वर-खाली दोन आर्मवर धरलेलं असतं) स्प्रिंग आर्मच्या मध्यावर टेकत असेल तर ते ०.६ किंवा त्याहून कमीही असू शकतं, आणि मग चाकाला स्प्रिंगच्या रेटचा जेमतेम ३६ टक्के भाग मिळतो. दुसऱ्या गाडीतल्या ‘८ किलोच्या’ स्प्रिंगा आपल्या गाडीत कशा वाटतील याचा अंदाज म्हणूनच चुकतो.

तुमच्या गाडीला हे लावून पाहू. पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगने पेलायचं वजन ३०० किलो धरतो (काट्यावर येणाऱ्या आकड्यातून चाक, हब, ब्रेक यांचे ३५-४० किलो वजा करून). मूळ स्प्रिंग २० न्यूटनची असेल तर चाकाजवळ १८ न्यूटन, आणि बॉडीची नैसर्गिक वारंवारिता १.२३ हर्ट्झ. साध्या प्रवासी गाडीला १ ते १.५ हर्ट्झ असतेच. ५ किलोच्या स्प्रिंगने चाकाजवळ ४४ न्यूटन येतात आणि वारंवारिता १.९ हर्ट्झच्या वर जाते. खेळाच्या, गुळगुळीत रस्त्यावरच्या गाडीला हे चालतं. रोजच्या खड्ड्यांसाठी हे कडकच आहे, आणि कोणताही क्लिक ते बदलणार नाही. माझं मत विचाराल तर रस्त्यावरच्या या वजनाच्या गाडीला पुढे ३ ते ३.५ किलो पुरे.

डँपिंगचं गणितही इथूनच निघतं. हलवलेली बॉडी एकदाही पलीकडे न डुलता जागेवर यायला जेवढं डँपिंग लागतं, त्याला क्रिटिकल डँपिंग म्हणतात. आरामदायी गाडीत त्याच्या २५ ते ३० टक्के असतं. जास्त ताबा हवा असेल तिथे मंद हालचालींसाठी ते ६०-७० टक्क्यांपर्यंत नेतात. ३०० किलो आणि १८ न्यूटनला ३० टक्के म्हणजे चाकाजवळ सुमारे १४०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर. ४४ न्यूटनच्या स्प्रिंगला तेच प्रमाण राखायला जवळजवळ २२०० लागतात. म्हणजे मूळ डँपरवर या स्प्रिंगा बसवल्या असत्या तर प्रमाण ३० वरून १९ टक्क्यांवर घसरलं असतं. नुसत्या ‘लोअरिंग स्प्रिंगा’ टाकल्यावर गाडी उड्या मारते ती याच कारणाने.

पण तुमच्याकडे डँपर बदललेला आहे, तरी दणका बसतोच आहे. म्हणून नॉबला हात लावण्याआधी ट्रॅव्हल मोजा. गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना डस्ट कव्हर वर सरकवा आणि डँपरच्या नळीच्या तोंडापासून बंप स्टॉपरच्या टोकापर्यंत दांडा किती दिसतो ते मोजा. दांड्यावर नळीला टेकवून एक बारीक केबल टाय बांधा, कव्हर परत लावा, नेहमीच्या वजनासह नेहमीच्या रस्त्यावर १० किलोमीटर फिरवा आणि टाय कुठवर सरकला ते बघा. स्टॉपरपर्यंत मोकळा दांडा २०-२५ मिलिमीटरच उरला असेल तर प्रत्येक मोठ्या खड्ड्यात आणि बऱ्याचशा वळणांत गाडी स्टॉपरवर बसते आहे. त्या क्षणी चाकाचा रेट एकदम कितीतरी पट होतो, आणि आपल्याला वाटतं डँपर कडक आहे. मग आपण नॉब सैल करतो, बॉडी आणखी सहज खाली जाते आणि स्टॉपरवर जास्त जोराने आदळते. रस्त्यावरच्या गाडीत स्टॉपर लागेपर्यंत किमान ५० मिलिमीटर तरी मोकळे ठेवावेत.

उंची बदलताना कॉइलओव्हरचा प्रकार बघणं आलं. एका प्रकारात स्प्रिंगची खालची बैठक फिरवून उंची बदलते. दुसऱ्यात बैठक तशीच ठेवून डँपरची नळी खालच्या ब्रॅकेटमध्ये फिरवायची असते. पहिल्यात बैठक १० मिलिमीटर वर घेतली की गाडी तेवढी वर येते, बंपसाठी १० मिलिमीटर वाढतात आणि चाक खाली लोंबण्याची जागा, म्हणजे ड्रूप, तेवढीच कमी होते. सरळ रेटच्या स्प्रिंगचा कडकपणा प्रीलोडने, म्हणजे ती आधीच थोडी दाबून बसवल्याने, वाढत नाही. प्रीलोडचं बल कोपऱ्याच्या वजनाहून जास्त झालं तरच गाडी उभी असताना डँपर पूर्ण उघडा राहतो, आणि मग तुम्हाला कडक वाटतो तो डँपर वरच्या टोकाला आपटण्याचा धक्का असतो. तुमच्या ४९ न्यूटनच्या स्प्रिंगवर सुमारे ३१०० न्यूटन येतात, म्हणजे ती ६३ मिलिमीटर दबते. १० मिलिमीटर प्रीलोड दिला तर ड्रूपला ५३ उरतात, अर्थात डँपरचा स्ट्रोक तेवढा असेल तर. गाडी उचलल्यावर स्प्रिंग सैल होऊन खुळखुळत असेल तर वर मऊ हेल्पर स्प्रिंग बसवतात. ती वजनाखाली पूर्ण मिटते आणि रेटमध्ये भाग घेत नाही. टेंडर स्प्रिंग मात्र घेते, आणि ती मिटेपर्यंत दोघींचा मिळून रेट मुख्य स्प्रिंगपेक्षा कमी असतो.

दुसऱ्या प्रकारात नळी खाली-वर केल्याने स्ट्रोकची वाटणी बदलत नाही. हा त्याचा मोठा फायदा, पण गाडी फार खाली घेतलीत तर स्टॉपर लागण्याआधी टायर फेंडरच्या आतल्या भागाला घासतो. स्प्रिंग काढून, चाक लावून, जॅकने हब हळूहळू वर नेऊन ते तपासा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवूनसुद्धा. आणि नळीचे ब्रॅकेटमध्ये किती आटे शिल्लक आहेत हे बघायला विसरू नका. उत्पादकाने सांगितलेल्या किमान मापाखाली गेलात तर नळी ब्रॅकेटमधून उखडू शकते.

स्ट्रट उघडण्याबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून दोन्ही बैठकांवरून मोकळी झाल्याशिवाय वरच्या माउंटचा नट सोडायचा नाही. दोन हुकांचा कॉम्प्रेसर असेल तर हुक समोरासमोर लावा, आळीपाळीने थोडं थोडं आवळा, आणि स्प्रिंगच्या अक्षाच्या रेषेत तोंड किंवा हात आणू नका. वरच्या नटाला इम्पॅक्ट गन लावू नका. दांडा सीलमध्ये गरगर फिरतो आणि नवा डँपर पहिल्याच दिवशी गळायला लागतो. नवा ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) डँपर आडवा पडून आलेला असतो, त्यामुळे आतली हवा काढून घ्या: उभा धरून दांडा पूर्ण ओढा, उलटा करून दाबा, पुन्हा सरळ करून ओढा, असं चार-पाच वेळा, आणि त्यानंतर बसवेपर्यंत उभाच ठेवा. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर असताना, नेहमीच्या उंचीला, टॉर्क रेंचने घट्ट करा. लोंबत्या स्थितीत आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो, शिवाय गाडीची उंचीही चुकीची दिसते.

उंची हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, जमिनीपासून नको, कारण टायरची हवा मध्ये येते. मोजण्याआधी गाडी थोडी पुढे-मागे फिरवा; जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी खोटी उंची दाखवते. नंतर कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाची आत-बाहेर दिशा) पुन्हा लावून घ्या. मॅकफर्सन गाडी खूप खाली घेतली की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती बॉडी झुकते) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं आणि बॉडी झुकवणारा आघूर्ण वाढतो. म्हणजे खाली घेतलेली गाडी वळणात कमी झुकते ती स्प्रिंग कडक असल्यामुळे. मूळ स्प्रिंगच्याच रेटवर नुसती खाली घेतली तर जास्तही झुकू शकते.

आता नॉब. डँपरमध्ये तेल दोन वाटांनी जातं. पहिली वाट म्हणजे सुईच्या झडपेची बारीक भोकं; दुसरी, पिस्टनवर रचलेल्या पातळ पत्र्यांचा, शिमचा, थर. दांडा हळू हलतो तेव्हा बहुतेक तेल भोकांतून जातं. वेग वाढला की भोकांमधला विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. तो फार होण्याआधी शिम वाकून वाट मोकळी करतात. इथे ‘वेग’ म्हणजे दांड्याचा, गाडीचा नव्हे. ब्रेक मारताना नाक दबणं, वळणात झुकणं, रस्त्याची लांब लाट या हालचाली सेकंदाला ५ ते १० सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याखाली होतात. खड्ड्याची धारदार कड ३० सेंटिमीटरच्या सहज पुढे जाते. बहुतेक एकाच नॉबचे डँपर सुईच हलवतात, मुख्यतः रिबाउंडची (डँपर लांबतानाची), सोबत थोडं कम्प्रेशनही (आखडतानाचं). म्हणजे त्या नॉबने खड्ड्याचा दणका फारसा कमी होणारच नाही. शिमचा थर तुमच्या हातात नाही. दोन नॉबांत रिबाउंड आणि कम्प्रेशन वेगळे होतात, आणि तीन नॉबांत कम्प्रेशनचेही मंद आणि वेगवान असे भाग पडतात.

क्लिक नेहमी पूर्ण बंद, म्हणजे सर्वांत कडक टोकापासून मोजा. तिथे सुई बैठकीला टेकते, म्हणून ते टोक पक्कं असतं. सैल टोकाला काही डँपरमध्ये नुसताच फिरणारा खेळ असतो. बोटांच्या जोराने बंद करा, पक्कड लावलीत की सुईची बैठक खराब होते. सगळे क्लिक सारखे नसतात, हेही लक्षात असू द्या: बंद टोकाजवळचे २ क्लिक मोठा फरक करतात, १६ वरून १८ वर गेलात तर कदाचित कळणारही नाही.

सुरुवातीला टायरमध्ये थंड असताना ठरलेली हवा भरा. टायरही स्प्रिंगच आहे, आणि त्यातल्या चुकीच्या दाबावर लावलेले क्लिक निरुपयोगी ठरतात. ५ किलोमीटर चालवून डँपर गरम करा. मग चारही चाकांचे सगळे नॉब सैल टोकाला न्या आणि एक ठरलेला रस्ता निवडा, ज्यात एक लांब लाट, बारीक खडबडीत पट्टा आणि एक वळण असेल. आधी रिबाउंड: दर वेळी ३ क्लिक घट्ट करा, डावं-उजवं सारखं, पुढचे आणि मागचे वेगवेगळ्या फेरीत. लाटेवरून उतरल्यावर बॉडी वर येऊन एकदाच जागेवर बसली, दुसरा झोका आला नाही, की थांबा. आता बारीक खडबडीत पट्ट्यावरून जा. तिथे गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि प्रत्येक पुढचा गचका जास्त टोचतो असं वाटलं तर रिबाउंड जास्त झालंय: चाक खाली यायच्या आत पुढचा उंचवटा येतो, डँपर आखूडच राहतो आणि गाडी शेवटी स्टॉपरवर येऊन टेकते. २ क्लिक मागे घ्या. कडक रिबाउंड आणि कडक कम्प्रेशन हातांना आणि पाठीला सारखंच वाटतं, त्यामुळे लोक भलताच नॉब फिरवतात. केबल टाय पुन्हा बघितला की गाडी खाली बसत चालली आहे का ते कळतं.

कम्प्रेशनचा वेगळा नॉब असेल तर तो यानंतर. एकेक-दोन क्लिक वाढवा, ब्रेकमध्ये नाक दबण्याचा वेग आवरला आणि स्टिअरिंगला गाडी लगेच उत्तर देऊ लागली की पुरे. गचक्याची धार टोचू लागली तर २ मागे. रस्त्यावरच्या डँपरमध्ये रिबाउंड साधारणपणे कम्प्रेशनच्या दुप्पट-तिप्पट असतं, आणि त्याला कारण आहे: उंचवटा चढताना स्प्रिंग आणि डँपर दोघांचंही बल एकाच दिशेने बॉडीत जातं, तिथे डँपरने भर घालू नये. वेगवान कम्प्रेशन सैलच ठेवा. ट्रॅव्हल पुरेसा असूनही गाडी तळाला लागत असेल तरच वाढवा.

मागच्या चाकांचं गणित वजनामुळे बदलतं. एका कोपऱ्यावर २५० किलो असताना ३० टक्के असलेलं डँपिंग, माणसं आणि सामान भरून ४०० किलो झाल्यावर २४ टक्क्यांवर येतं. म्हणून मागचे क्लिक ज्या वजनाने गाडी जास्त वेळा चालते त्याच वजनाने लावा. स्प्रिंगा निवडताना मागची वारंवारिता पुढच्यापेक्षा १० ते २० टक्के जास्त ठेवा. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली यांनी जनरल मोटर्समध्ये हे तत्त्व मांडलं: उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो (२.६ मीटर व्हीलबेसच्या गाडीत ताशी ८० किलोमीटरला सुमारे ०.१२ सेकंद आधी), म्हणून मागचा भाग थोडा जलद डुलला तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे हिंदकळत नाही. तुमच्या पुढच्या ५ किलोच्या स्प्रिंगांसोबत मागच्या मूळच्याच असतील तर हे नातं नक्की उलटलेलं आहे, आणि नाक डुलण्यात त्याचाही वाटा आहे.

म्हणून तुमच्या गाडीसाठी क्रम असा: आधी पुढचा मोकळा दांडा मोजा आणि गाडी १५-२० मिलिमीटर वर घेऊन १० किलोमीटर चालवा. दणका तिथेच निम्मा झाला, तर दोष स्टॉपरचा होता. मग वर सांगितल्याप्रमाणे रिबाउंड लावा. लाटेवर एकच झोका उरावा म्हणून नॉब बंद टोकापासून ४-५ क्लिकच्या आत न्यावा लागत असेल, तर त्या डँपरमध्ये या स्प्रिंगसाठी पुरेसं डँपिंग नाही, स्प्रिंग ३.५ किलोची करा किंवा डँपर पुन्हा व्हॉल्व्ह करून (आतले शिम बदलून) घ्या. स्वस्त डँपरमध्ये डाव्या-उजव्याचे सारखे क्लिक सारखं बल देतीलच असं नाही. एका बाजूची गाडी वेगळी वाटली आणि उंची, हवा, बुश सगळं सारखं असेल, तर दोन्ही डँपर डायनोवर (बल मोजणाऱ्या यंत्रावर) लावून आलेख जुळवून बघा.

बसवल्यावर ५०० किलोमीटरनंतर लॉक रिंग, टॉप माउंटचे नट आणि स्टॅबिलायझर बारच्या (वळणात झुकणं कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंकचे नट पुन्हा तपासा. गाडी खाली घेतल्यावर लिंकचा कोन बदलतो. बार ड्राइव्ह शाफ्टला किंवा आर्मला टेकत असेल तर आखूड लिंक लागते. दांड्याभोवती तेलाचा हलका ओलावा चालतो, नळीवरून ओघळ आला तर सील गेलं आहे. दर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक नॉब मोजून पूर्ण बंद करा आणि परत त्याच क्लिकवर आणा, नाहीतर चिखल आणि गंजाने तो अडकतो. आटे ब्रशने साफ करून त्यांना कोरडं वंगण लावा. ग्रीसला धूळ चिकटते आणि पुढच्या वेळी रिंग फिरवताना आटेच खराब होतात.